फाशी सुनावली, पण पुढे काय? शिक्षा नक्की कोणासाठी असते?

रेहेकुरी

नमस्कार. मी नगर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माहेर कर्जत तालुक्यातलं, कोपर्डीपासून फार लांब नाही. जुलै २०१६ मध्ये तिथे शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर निघालेल्या मूक मोर्चांत मी अकरावी-बारावीच्या मुलींना घेऊन चालले होते. निवेदनं वाचून दाखवायला पुढे मुलीच असायच्या आणि आरोपींना फाशी द्या ही त्यातली पहिली मागणी असायची. २९ नोव्हेंबर २०१७ ला नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांनाही फाशी सुनावली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोघीजणी रडल्या होत्या.

तेव्हा पहिली-दुसरीत असलेल्या मुली आता माझ्या वर्गात बसतात. त्यातल्या एकीने परवा तास संपल्यावर विचारलं, "मॅडम, त्यांना फाशी झाली ना?" मी सांगितलं की नाही झाली. मुख्य आरोपी सप्टेंबर २०२३ मध्ये येरवडा तुरुंगात गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडला, बाकीच्यांना फाशी झालेली नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग आपल्याला मिळालं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. मी फाशीच्या बाजूची आहे, आजही. पण शिक्षा कशासाठी देतात हे त्या मुलीला कळेल असं सांगायचं तर काय सांगू? सूड, धाक, सुधारणा या पुस्तकातल्या पायऱ्या मला माहीत आहेत, त्या नकोत. जे कोर्टात उभे राहिलेत किंवा ज्यांच्या घरात घडलंय, अशांनी लिहिलंत तर बरं होईल.

ढाण्या_वाघ

ताई, एवढा विचार कशाला करायचा? उशीर हीच सगळी अडचण आहे. सत्र न्यायालय, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, मग दयेचा अर्ज. तोवर पोरगी विसरली जाते. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादला एका तरुणीच्या बलात्कार-खुनातल्या चौघा आरोपींना पोलिसांनी उडवलं तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं टाकली. तिथल्या आईबापाला आठ-दहा दिवसांत न्याय मिळाला. आपल्याकडे तसं झालं असतं तर तुमच्या विद्यार्थिनीला हा प्रश्न पडलाच नसता.

गोदाकाठ

मॅडम, मी नाशिकला तीसेक वर्षं फौजदारी वकिली करतो. त्यातला बराच काळ विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर गेला, म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याचं काम करण्यात. सरकार पक्षाने फाशी मागितलेल्या खटल्यांत मी आरोपीच्या बाजूने उभा राहिलो आहे, तेव्हा माझं म्हणणं एका बाजूचं आहे असं कोणाला वाटू शकेल. पण मला जे सांगायचं आहे ते मारल्या गेलेल्यांबद्दल आहे.

आमच्या जिल्ह्यातलं एक प्रकरण सांगतो. ते माझ्याकडे नव्हतं, पण नाशिक कोर्टाच्या आवारात वावरलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. ५ जून २००३ ची रात्र. पेरूच्या बागेत झोपडी करून राहणारं एक कुटुंब. सात-आठ जण घुसले, पैसे आणि दागिने घेतले आणि मग मारायला सुटले. पाच जीव गेले. त्यात पंधरा वर्षांची मुलगी होती. तिच्यावर आणि तिच्या आईवर बलात्कार झाला. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले.

दोन दिवसांनी पोलिसांनी त्या आईला रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले. तिने चौघांवर बोट ठेवलं. तेव्हा तिच्या अंगावरच्या जखमा ओल्या होत्या आणि चेहरे डोळ्यांसमोर ताजे होते. त्या चौघांवर आरोपपत्र दाखल झालं नाही. पकडले गेले ते दुसरेच सहा जण, भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. पुढे ओळख परेड झाली, साक्षी झाल्या. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टाने ती जन्मठेपही रद्द करून पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टाचा शिक्का बसला.

त्यानंतर दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ ला, त्याच सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. आईने दाखवलेले ते चौघे निकालात ठळकपणे आले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्या, तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करा आणि त्या चौघांबाबत पुढचा तपास करा, असे आदेश झाले. सहांपैकी एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मध्यंतरी सिद्ध झालं होतं.

बातम्यांचा सगळा भर सहा निर्दोष सुटले यावर होता. तो बरोबरच आहे, त्यांची सोळा वर्षं गेली. पण मी या प्रकरणाचा विचार करतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती आई येते. तिने दोनच दिवसांत माणसं दाखवली होती. त्यानंतर तीन कोर्टांनी फाशी दिली आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना वाटलं की तिला न्याय मिळाला. खरं तर त्या प्रत्येक निकालाने खऱ्या गुन्हेगारांचा माग आणखी पुसत गेला. कोणाला तरी फाशी झाली म्हटल्यावर शोधायला कोण जाणार? सोळा वर्षांनी तपास पुन्हा करा म्हणणं सोपं आहे. साक्षीदार म्हातारे होतात, फोटोतले चेहरे बदलतात, मुद्देमालाच्या पिशव्यांवरची लेबलं वाचता येत नाहीत.

मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीला माझं उत्तर हे आहे. न्यायव्यवस्थेचं पहिलं काम आहे खरा माणूस शोधणं आणि त्यानेच केलं हे पुराव्याने दाखवणं. शिक्षा त्याच्यानंतर येते. फाशीची मागणी इतकी मोठी होते की हे पहिलं काम तिच्याखाली झाकून जातं. लोक रस्त्यावर उतरले की वरून तपास अधिकाऱ्याला फोन येतो, आठ दिवसांत कोणाला तरी हजर करा. मग जो सापडतो तो बहुधा पालावरचा, ऊसतोडीवरचा, ज्याच्या पाठीशी सरपंचही उभा राहत नाही असा माणूस असतो. २०१६ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरातल्या फाशीच्या कैद्यांना भेटून अहवाल केला. त्यात तीन-चतुर्थांशाच्या आसपास कैदी आर्थिकदृष्ट्या पिचलेल्या घरांतले निघाले.

शिक्षा ठरते कशी तेही सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही. १९८० च्या बचनसिंग निकालापासून नियम असा की फाशी फक्त विरळात विरळ प्रकरणात द्यायची, आणि तीही गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडे पाहून. म्हणून दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी ठेवलेली आहे. ही सुनावणी मी दुपारच्या सुट्टीनंतर वीस मिनिटांत संपलेली पाहिली आहे. वकील उठतो, आरोपी तरुण आहे, आईवडील म्हातारे आहेत, पहिलाच गुन्हा आहे, एवढं बोलून बसतो. तो माणूस कोण, कुठे वाढला, डोक्यावर कधी मार बसला होता का, सुधारेल का, यावर एकही कागद कोर्टापुढे नसतो. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात सांगितलं की ही माहिती खटला चालवणाऱ्या कोर्टापुढेच यायला हवी: मानसशास्त्रीय अहवाल, तुरुंगातली वर्तणूक, घरची परिस्थिती. बचनसिंगनंतर बेचाळीस वर्षांनी.

ढाण्या वाघ, हैदराबादबद्दल. त्या चकमकीच्या चौकशीसाठी सुप्रीम कोर्टाने आयोग नेमला. अध्यक्ष होते आपल्या विदर्भातले निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर. २०२२ मध्ये अहवाल उघड झाला. पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूने गोळ्या झाडल्या, असा त्याचा निष्कर्ष आहे आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते असंही त्यात आहे. तिथे ना साक्ष झाली, ना उलटतपासणी. ज्यांना मारलं त्यांनीच गुन्हा केला हे त्या मुलीच्या आईवडिलांना सांगणार कोण? ज्यांनी गोळ्या झाडल्या तेच. नाशिकला असंच आठ दिवसांत उरकलं असतं तर ते सहा मजूर २००३ च्या पावसाळ्यातच संपले असते आणि त्या चार फोटोंचा विषय कायमचा मिटला असता.

धाकाचं म्हणाल तर, आपल्या देशात ऑगस्ट २००४ नंतर थेट नोव्हेंबर २०१२ मध्ये, म्हणजे कसाबपर्यंत, एकही फाशी झाली नाही. या काळात खून वाढले नाहीत. न्यायमूर्ती अजित शहा अध्यक्ष असलेल्या विधी आयोगाच्या २०१५ च्या अहवालात आकडे आहेत: १९९२ मध्ये लाख लोकसंख्येमागे ४.६ खून, २०१३ मध्ये २.७. त्याच आयोगाने दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे वगळता फाशी बंद करावी अशी शिफारस केली. माझ्या अशिलांपैकी एकानेही गुन्हा करताना शिक्षा किती होईल याचा हिशोब केलेला मी पाहिला नाही. पकडले जाणार नाही, एवढीच त्यांची खात्री होती.

कोरडवाहू

वकीलसाहेब, तुम्ही चांगलं लिहिलंत. पण तुमच्या लिहिण्यात आरोपी निर्दोष निघाला. माझ्या थोरल्या भावाला मारणारा निर्दोष नव्हता. बांधावरून वाद होता, दिवसाढवळ्या कोयत्याने मारलं, चार माणसांनी पाहिलं. आम्ही मराठवाड्यातले. फाशी नाही, जन्मठेप झाली. निकाल लागला हे आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळलं.

काही वर्षांनी तो पॅरोलवर आला. आम्हाला कोणी कळवलं नाही. माझी वहिनी बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर उभी होती आणि तो समोरून चालत आला. ती तशीच घरी परतली आणि दोन दिवस जेवली नाही. पुतण्या तेव्हा नववीत होता, त्याने शाळेत जायचं बंद केलं. त्या दिवशी मला वाटलं की याला फाशी व्हायला हवी होती. सूड म्हणून नाही. माझ्या वहिनीला निदान बाजाराला तरी जाता आलं असतं.

तुम्ही म्हणाल जन्मठेप पुरेशी आहे. पण ती किती वर्षांची असते? गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्काराचा बिल्किस बानो खटला मुंबईत चालला, २००८ मध्ये जन्मठेप झाली आणि १५ ऑगस्ट २०२२ ला अकराही जण बाहेर. हारतुरे घातले त्यांना. लोक फाशी मागतात याचं कारण त्यांना रक्त बघायचं असतं असं नाही. दुसऱ्या कुठल्याच शिक्षेवर विश्वास राहिलेला नाही. फाशी तेवढी परत घेता येत नाही, म्हणून लोक तीच मागतात.

गोदाकाठ

दादा, तुमच्या वहिनींबद्दल वाचून फार वाईट वाटलं. आणि तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे. फाशीविरुद्ध बोलणारे आम्ही लोक जन्मठेप खरी कशी करायची यावर पुरेसं बोलत नाही.

कायदा काय आहे तेवढं सांगतो. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. चौदा वर्षं झाली की सुटका हा कैद्याचा हक्क नाही. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात चौदा वर्षांच्या आत सोडताच येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. पुढे सोडायचं की नाही हे सरकार ठरवतं आणि खरा घोळ तिथे होतो. तुम्ही सांगितलेल्या खटल्यात ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती सुटका रद्द केली, अकरा जणांना परत तुरुंगात पाठवलं आणि सांगितलं की खटला महाराष्ट्रात चालला असल्याने सुटकेचा विचार करण्याचा अधिकार गुजरात सरकारला नव्हताच.

२००८ पासून वरची कोर्टं आणखी एक रस्ता वापरतात: फाशी द्यायची नाही, पण अमुक वर्षं सूट मिळणार नाही असं निकालातच लिहायचं. खैरलांजीतल्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडात भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी दिली होती, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलली. पुण्यात २००७ मध्ये बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार करून खून झाला होता. तिथल्या दोन आरोपींच्या दयेच्या अर्जांपासून फाशीच्या वॉरंटपर्यंत सरकारी कार्यालयांनी इतका वेळ घालवला की २०१९ मध्ये हायकोर्टाने फाशी रद्द करून पस्तीस वर्षं दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशीही जानेवारी २०२२ मध्ये याच कारणाने गेली, फाईल सात वर्षांहून जास्त पडून राहिली म्हणून. फाशी तेवढी पक्की शिक्षा असं तुम्ही म्हणता, पण तीच सर्वांत जास्त डळमळते. देशभरातल्या सत्र न्यायालयांनी दिलेल्या शंभर फाशींपैकी पाचही शेवटपर्यंत टिकत नाहीत. आणि प्रत्येक पायरीवर मेलेल्याच्या घराला पुन्हा तारखा, पुन्हा टीव्हीवाले.

माणदेशी

मी आटपाडीचा. आमच्याकडे स्वतंत्रपूर म्हणून खुली वसाहत आहे, औंध संस्थानच्या राजांनी १९३९ मध्ये सुरू केलेली. शिक्षा भोगणारे कैदी तिथे बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. भिंत नाही. लहानपणी आम्ही त्या शेतांकडेने शाळेत जायचो. त्यांच्यातली काही माणसं खून करून आलेली होती हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि वाढप्याला माणूस कमी पडला तर लग्नात त्यांनाही बोलावत.

कोरडवाहू यांच्या वहिनींना हे सांगायची माझी हिंमत नाही. पण शिक्षा कशासाठी यावर बोलणं चाललंय म्हणून लिहिलं, की माणूस बदलल्याचं मी पाहिलेलं आहे. मात्र आमच्या गावाला ते सोपं गेलं, कारण त्यांनी मारलेली माणसं आमच्या गावची नव्हती.

ढाण्या_वाघ

सिरपूरकर आयोगाचं मला माहीत नव्हतं. तिघे अल्पवयीन हेही नव्हतं माहीत. वाचतो. तरी कोरडवाहू यांच्या बाबतीत माझं मत तेच आहे. चौघांनी पाहिलेल्या खुनात शंका कसली?

गोदाकाठ

अशा खटल्यात शंका नसते, खरं आहे. पण कायदा करताना 'शंका नसलेल्यांना फाशी' असं लिहिता येत नाही, कारण प्रत्येक कोर्टाला निकाल देताना आपली खात्रीच असते. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टालाही होती. मुंबईच्या २००६ च्या लोकल स्फोटांत १८९ माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली, तिथेही खात्री होती. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आहे, त्यामुळे शेवटचा शब्द अजून व्हायचा आहे. पण फाशी झालेल्यांपैकी एकजण हायकोर्टाच्या निकालाच्या आधीच नागपूर तुरुंगात कोविडने गेला. आणि त्या १८९ घरांनी १९ वर्षं वाट पाहून काय ऐकायचं?

रेहेकुरी

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत. मी वर्गात हा विषय पुढच्या आठवड्यात घेणार आहे. कोपर्डीवरून सुरुवात करणार नाही, त्यावर आमच्याकडे कोणी शांतपणे बोलू शकत नाही, मीही नाही. पेरूच्या बागेतल्या त्या आईपासून सुरू करीन. तिने दाखवलेल्या फोटोंचं काय झालं, हे मुलींनी विचारलं पाहिजे. मोर्चात आम्ही फाशी मागितली तेव्हा तपास कसा चाललाय, साक्षीदारांना संरक्षण आहे का, हे एकाही निवेदनात नव्हतं. पुढच्या वेळी कुठे काही घडलं (घडू नये, पण घडतं) तर त्या मागण्या मी वर लिहायला सांगीन. फाशीबद्दल माझं मन अजून पूर्ण वळलेलं नाही, हेही खरं.

वकीलसाहेब, एक विनंती. कोरडवाहू दादांच्या वहिनींवर पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून आज काय करता येईल?

गोदाकाठ

करता येतं. दादा, पहिल्यांदा ज्या सत्र न्यायालयात खटला चालला तिथे निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. खटला क्रमांक नसेल तर पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक आणि वर्ष चालेल. त्याने अपील केलं असेल तर त्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा वेगळा ओळख क्रमांक) मिळवा, तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख फोनवर दिसते.

दुसरा अर्ज तुरुंग अधीक्षकांना, त्याची प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना. त्यात वहिनींचं नाव, पत्ता, फोन लिहा आणि कैद्याला पॅरोल, फर्लो (शिक्षेच्या काळात मिळणारी ठरावीक रजा) किंवा शिक्षेत सूट देण्याआधी आम्हाला कळवावं व आमचं म्हणणं ऐकावं अशी मागणी करा. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने, लखीमपूर खेरी प्रकरणातला जामीन रद्द करताना, पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडण्याचा हक्क आहे असं स्पष्ट सांगितलं आहे. त्या निकालाचा उल्लेख अर्जात करा. दोन्हीकडून पोच घ्या, शिक्क्यासह.

ज्यांचा गुन्हा अलीकडचा आहे त्यांच्यासाठीही सांगून ठेवतो: नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं आहे. नाही कळवलं तर लेखी मागा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. महिलांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वहिनींना स्वतः यायचं नसेल तर अधिकारपत्र घेऊन तुम्ही जा. अर्जाचा मसुदा मी रात्री इथेच टाकतो.

कोरडवाहू

टाका साहेब. सोमवारी पुतण्याला बरोबर घेऊन जातो. तो आता एकोणीस वर्षांचा आहे, अर्ज त्यालाच लिहायला लावतो.